गावातल्याच लोकांना मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचंय. कुणाला निवडावं, काय शिकवावं?

दारव्हा_सीआरपी

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात उमेदची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, सीआरपी (गावपातळीवरची कार्यकर्ती) आहे, गावातले बचत गट बघते. गाव कोरडवाहू. कापूस, तूर, सोयाबीन. मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या गटातल्या एका बाईच्या नवऱ्यानं आयुष्य संपवलं. त्याआधी ती बैठकीत सांगत होती, "हे रात्रभर अंगणात बसून राह्यतात, जेवत नाहीत, पोराशीही बोलत नाहीत." अशा वेळी माणसाला कुठं न्यायचं, कुणाला फोन करायचा, घरच्यांना काय सांगायचं, हे गटात कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून बायाच म्हणतात, आपल्याला हे शिकायचं आहे.

सरपंच तयार आहेत. पंचायतीच्या आराखड्यात आरोग्याखाली थोडे पैसे धरता येतील असं ग्रामसेवक म्हणतात. एका संस्थेनं अर्ध्या दिवसाचं व्याख्यान देऊ केलंय, प्रोजेक्टरसकट. पण एवढ्यानं काय होईल? ज्यांना शिकवायचं ते लोक कसे निवडायचे? दहावी-बारावीची अट ठेवावी का? आणि मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते की, आमच्यासारख्या अर्धवट शिकलेल्या बायांच्या तोंडून काही चुकीचं गेलं आणि त्यापायी कुणाचा जीव गेला तर? कुणी प्रत्यक्ष हे काम केलं असेल तर सविस्तर सांगा.

तिवसा_ताई

ताई, मी तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातली. शिक्षण बारावी, घरी कोरडवाहू वावर. गावपातळीवर समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलं, आता नव्यानं येणाऱ्या बायांना शिकवते.

आधी त्या व्याख्यानाबद्दल. ते जरूर ठेवा, विषय चारचौघांत निघेल, लाज थोडी कमी होईल. पण त्याला प्रशिक्षण म्हणू नका आणि त्यावर पंचायतीचे पैसे संपवू नका. माझं ठाम मत आहे की या कामातलं खरं शिक्षण पहिल्या चार-पाच दिवसांच्या वर्गानंतर सुरू होतं. बाई दोन घरी जाऊन येते, तिथं तिला काहीतरी असं ऐकायला मिळतं की तिचीच झोप उडते. ते घेऊन तिला दर आठवड्याला कुणा जाणकारापुढं बसता आलं, "मी असं बोलले, बरोबर होतं का?" असं विचारता आलं, तर ती टिकते आणि चांगलं काम करते. ती बैठक नसेल तर हुशार बाईसुद्धा तीन महिन्यांत काम सोडते. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा: प्रशिक्षण झाल्यावर वर्षभर आमच्या लोकांसोबत दर आठवड्याला कोण बसणार? उत्तर गोलमोल आलं तर दुसरी संस्था बघा.

शिक्षणाची अट नको. लिहिता-वाचता आलं तर नोंदी ठेवायला बरं, पण मी बघितलेल्यांत सगळ्यात चांगली ऐकणारी बाई चौथी शिकलेली होती. सरपंचांना शंका असेल तर त्यांना सांगा की आमच्याच जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातले कार्यकर्ते घरोघरी जायचे, त्यांच्या मागं प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोकांनी मदत घेतली होती. दीड वर्षानं तो आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त हे छापून आलंय. नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानं 'आत्मीयता' हा असाच उपक्रम गावकऱ्यांना शिकवून चालवला आणि पुढं तो गुजरातेत मेहसाण्याला नेला. आणि झिम्बाब्वेत तर डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आज्यांनाच शिकवलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर आजी बसते आणि माणूस तिच्याजवळ मन मोकळं करतो. आपल्या गावातल्या आज्या काही कमी नाहीत.

आता काय शिकवायचं. पहिले दोन दिवस फक्त ऐकणं. दोघी-दोघींच्या जोड्या लावायच्या, एकीनं आपलं दुःख सांगायचं, दुसरीनं दहा मिनिटं एकही सल्ला द्यायचा नाही. बायांना हेच सगळ्यात जड जातं. समोरचं माणूस रडायला लागलं की दुसऱ्या मिनिटाला आपण म्हणतो, "असं करून कसं चालेल, पोरांकडं बघ," "सगळं ठीक होईल," "तुझ्यापेक्षा वाईट लोकांचं आहे." बोलणाऱ्याची मनापासून काळजीच असते, पण ऐकणारा तिथंच गप्प होतो. हे मोडायला सराव लागतो, पुस्तकातून येत नाही.

मग ओळखणं. आमच्याकडं कुणी येऊन "मला नैराश्य आलंय" असं सांगत नाही. डोकं जड आहे, जीव घाबरा होतो, हातापायात आग होते, रात्री दोनला डोळे उघडतात ते उघडतात, असं सांगतात. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, कशातच मन लागत नसेल, तर लक्ष द्यायचं. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९, मराठीत मिळते, २७ पैकी गुण येतात. ती शिकवा. फक्त बायांना बजावून सांगा की गुण जास्त आले म्हणजे आपण आजाराचं नाव सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम.

तुमच्या भीतीबद्दल. आत्महत्येबद्दल विचारलं तर माणसाच्या डोक्यात तो विचार घातल्यासारखं होतं, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. पण शब्द स्पष्ट हवेत आणि आवाज शांत.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस गेला तेव्हाचा शेतकरी. घरी गेलं की "काही नाही ताई, बरं आहे" म्हणायचा. म्हणून मी वावरातच गेले, त्याच्या भाच्याला सोबत घेऊन. भाचा विहिरीजवळ थांबला. बराच वेळ तो पऱ्हाटीची बोंडं फोडून अळी तळहातावर घेऊन दाखवत राहिला. मी बघत राहिले. मग विचारलं, "भाऊ, झोप कशी आहे?" तेव्हा बोलला. कर्जाचं नंतर आलं. आधी निघालं ते हे, की कृषी केंद्राची उधारी होती म्हणून त्यानं त्या रस्त्यानं जाणंच बंद केलं होतं. रस्ता सुटला म्हणून पानठेला सुटला, गुरुवारचं भजन सुटलं, चुलतभावाचं घर सुटलं. दिवसच्या दिवस घराबाहेरच्या एका माणसाशी बोलणं नाही. मी सरळ विचारलं, "जगू नये असं मनात येते का? काही ठरवलं का?" तो म्हणाला, "येते. पण ठरवलं नाही अजून." त्याला सांगूनच त्याच दिवशी बायकोला आणि भावाला विश्वासात घेतलं, घरातलं फवारणीचं औषध भावाकडं हलवलं, दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. नंतरच्या भेटींत एकेक लहान काम ठरवत गेलो. सकाळी बैलं पाण्यावर त्यानंच न्यायची. गुरुवारी भजनाला नुसतं जाऊन बसायचं, टाळ नाही धरला तरी चालेल. मग भावाला सोबत घेऊन कृषी केंद्रवाल्याकडं मुदत मागायची. कर्ज काही माफ झालं नाही. पण गोळ्या नीट घेतल्या, माणसांत परत आला, पुढच्या खरिपाला पेरणी त्यानंच केली.

ही लहान-लहान कामं ठरवण्याची पद्धत आम्ही शोधलेली नाही. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेनं ती सहा ते आठ भेटींत बसवली आणि डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून ती नीट राबवली जाते हे दाखवून दिलं. पुढं मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात आशाताईंना ती मोबाइलवरूनही शिकवून बघितली.

आणि कुठं थांबायचं ते पहिल्याच दिवशी शिकवा. माणूस नसलेले आवाज ऐकतो, सगळे आपल्या वाईटावर आहेत म्हणतो, कित्येक रात्री न झोपता बडबड करतो, बाळंतीण बाळाकडं बघत नाही किंवा भलतंच बोलते, कुणी मरणाची तयारी केलेली दिसते: अशा वेळी आपण बसून बोलत राहायचं नाही, एकटं सोडायचं नाही, थेट दवाखाना. रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून बंद कर" असंही सांगायचं नाही. एकदम सोडली तर थरथर सुटते, फिट येऊ शकते, जीवावर बेततं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची.

वाशीम_एमओ

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. ताईंचं म्हणणं पटलं, दवाखान्याच्या बाजूनं थोडी भर घालतो.

वर्ग सुरू करण्याआधी तुमच्या पीएचसीच्या डॉक्टरांना आणि उपकेंद्राच्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) भेटा. गावातून पाठवलेला माणूस कुठल्या वारी, कुणाकडं येणार, औषध कुठं मिळणार, हे आधी ठरलेलं हवं. पहिल्याच माणसाला दवाखान्यातून "आज डॉक्टर नाहीत" म्हणून परत पाठवलं तर गावाचा विश्वास उडतो. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. यवतमाळ तर 'प्रेरणा प्रकल्पा'च्या १४ जिल्ह्यांत आहे. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्य सरकारनं २०१५ मध्ये तो सुरू केला आणि त्यात आशाताईंना घेतलंय. म्हणजे तुम्हाला सगळं शून्यापासून उभं करायचं नाही. मानसिक आजार म्हटला की थेट नागपूरच्या मनोरुग्णालयात भरती, असा समज आहे, तोही बैठकीत काढून टाका. बहुतेकांना भरती लागत नाही.

गोळ्यांबद्दल गावकऱ्यांना दोन गोष्टी माहीत हव्यात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ होते, माणूस आठव्या दिवशी सोडून देतो आणि म्हणतो, औषध लागू पडत नाही. आणि बरं वाटलं की मनानंच बंद करतात. तुमच्या बायांनी फक्त "गोळी घेतली का?" एवढं दर आठवड्याला विचारलं तरी माझं निम्मं काम होतं.

पोलिसांच्या भीतीनं लोक प्रयत्न लपवतात, "चुकून पोटात गेलं" सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं. त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, उलट त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारची. ग्रामसभेत हे वाचून दाखवा.

रात्री-अपरात्री टेली-मानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही लावला तरी चालतो.

गेवराई_कोरडवाहू

बीड जिल्ह्यातून लिहितोय. बायका शिकतील, चांगलंच आहे, पण पुरुषमाणूस बाईपुढं बोलत नाही, निदान आमच्याकडं तरी. माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. दोन वर्षं पाऊस नाही, मुलीचं लग्न अंगावर, ऊसतोडीची उचल घेतलेली. दिवसा झोपायचा, संध्याकाळी प्यायचा. त्याच्या मनातलं पहिल्यांदा कळलं ते आमच्या गावातल्या सलूनवाल्याला. दाढी करताना भाऊ म्हणाला, "आता ही शेवटचीच." सलूनवाला गडी समजूतदार. त्यानं दुकानाचं शटर ओढलं, चहा मागवला, भावाला तासभर बसवून घेतलं आणि पोराला आमच्या घरी पिटाळलं. त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. मग आम्ही भावाला जिल्ह्याला नेलं, उपचार केले. आज तो आहे, त्याच्या मुलीला मुलगा झाला.

म्हणून म्हणतो, सलूनवाला, पानटपरीवाला, कृषी केंद्रवाला, दूध संकलनवाला, यांना बोलवा. कृषी केंद्रवाल्याला तर नक्कीच. कोण उधारीपायी तोंड चुकवतोय आणि हंगाम नसताना कोण औषध मागतोय, हे त्याला सगळ्यांत आधी कळतं. आणि वर्ग दुपारी ठेवू नका, रात्री जेवणं झाल्यावर ठेवा.

दारव्हा_सीआरपी

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. सलूनचं तर सुचलंच नसतं. आज बायांना मोबाइलवर सगळं वाचून दाखवलं. त्यांचे तीन प्रश्न आले. गाव लहान, कोण कुणाच्या घरी गेलं ते दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं, मग गुपित राहणार कसं? दुसरं, आमच्याकडं आधी भगताकडं नेतात, "बाहेरचं झालंय" म्हणतात. त्याच्याशी भांडायचं का? तिसरं, फवारणीच्या औषधाचं गावपातळीवर काही करता येईल का? घरोघरी माजघरात, कुठं खाटेखाली डबे असतात.

तिवसा_ताई

गुपिताची भीती खरी आहे. पहिलं म्हणजे एकीवर भार टाकू नका, आठ-दहाजण तरी तयार करा, म्हणजे माणसाला आपल्या भावकीतली सोडून दुसरी निवडता येईल. सगळ्या वस्त्यांतून घ्या. बौद्धवाडा, पारधी बेडा, कोलामांचं पोड असेल तर तिथलीच बाई हवी. गावठाणातली बाई तिथं जाऊन बसली तर कुणी तोंड उघडणार नाही. नोंदवहीत नाव लिहायचं नाही, क्रमांक टाकायचा. आठवड्याच्या बैठकीतसुद्धा नाव घ्यायचं नाही. भेट एकाच घरी ठरलेल्या वारी नको. निंदणाला सोबत जा, दळणाला जाताना बोला, बचतीचं पुस्तक घेऊन जा. आणि गुपिताला एकच अपवाद, तो माणसाला पहिल्या भेटीतच सांगून ठेवायचा: जिवाला धोका दिसला तर मी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगणार. जिनं एकदा जरी पारावर कुणाचं काही बोलून दाखवलं तिला प्रेमानं कामातून मोकळं करा. यात भीड धरू नका.

भगताशी भांडू नका. घरच्यांची श्रद्धा तुटत नाही, तुमचं येणं मात्र बंद होतं. आम्ही म्हणायचो, "अंगारा लावा, गोळीपण घ्या." पण कुणाला साखळीनं बांधलं, चटके दिले, मारलं, उपाशी ठेवलं, तर तिथं गप्प बसायचं नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांत जायचं. एका गावात तर आम्ही भगतालाच वर्गाला बोलावलं. तो शेवटपर्यंत बसला, आणि नंतर झोप न येणारी माणसं तोच आमच्याकडं पाठवू लागला.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. ज्या घरात आत्महत्या झाली त्या घराकडं गाव दहाव्या-तेराव्यापर्यंत येतं, मग कुणी फिरकत नाही. त्या बाईला मात्र तेव्हाच तहसीलचे हेलपाटे, लाखाच्या मदतीचं पात्र-अपात्र, सातबाऱ्यावर नाव, सासरच्यांचे टोमणे, पोरांची शाळा, सगळं एकदम अंगावर येतं. तुमच्या गटातली ती ताई आता कशी आहे? तुमच्या पहिल्या प्रशिक्षित बाईनं पहिली भेट तिच्याकडं द्यावी असं मला मनापासून वाटतं. कागदपत्रांना तिच्यासोबत जाणं हेसुद्धा समुपदेशनच आहे.

शिकणाऱ्या बायांनाही जपा. दुसऱ्याचं ऐकून ऐकून त्यांच्या छातीवर ओझं येतं. एका बाईकडं तीन-चारहून जास्त माणसं देऊ नका. आशाताई असेल तर तिच्यावर आणखी एक काम फुकटात लादू नका. पंचायतीच्या पैशातून मानधन द्या, थोडं का होईना.

वर्ग वेचणी संपल्यावर घ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये. पेरणीच्या दिवसांत कुणी येणार नाही, आणि काम उभं राहायला हवं ते ऑगस्टच्या आत, कारण फवारणी, उधारी आणि पावसाची वाट हे सगळं तेव्हाच एकत्र येतं.

वाशीम_एमओ

औषधाच्या डब्यांचं सांगतो. श्रीलंकेत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून मोठा अभ्यास केला होता, २०१७ मध्ये निष्कर्ष आला, पेट्यांनी विषबाधा कमी झाल्या नाहीत. तिथं आकडे खरोखर खाली आले ते सगळ्यांत जहाल औषधांवर बंदी आणल्यावर. म्हणून नुसत्या पेट्यांवर पंचायतीचा खर्च करू नका. तमिळनाडूत दोन गावांत लोकांनी औषधं घरी न ठेवता सामायिक खोलीत ठेवून बघितली, त्याचा चांगला उपयोग दिसला. तुमच्याकडं पंचायतीची वापरात नसलेली खोली असेल तर तसं करून बघा. दिवसा एक माणूस, नोंदवही, ज्याचा डबा त्यालाच. शिवाय कृषी केंद्रवाल्याला सांगा, हंगामाचा साठा एकदम देऊ नको, एका फवारणीपुरतंच दे. रिकामे डबे घरात पाण्याला वापरतात, तेही बंद करायला सांगा.

दारव्हा_सीआरपी

पंचायतीच्या जुन्या इमारतीत एक खोली आहे, कुलूपही आहे. सरपंचांना आज विचारलं, ते मासिक सभेत विषय घेतो म्हणाले. संस्थेलाही फोन केला, दर आठवड्याला कोण बसणार ते विचारलं. दोन दिवसांत कळवतो म्हणाले. बायांनी नावं काढायला सुरुवात केलीय, पोडावरची एक आणि बेड्यावरची एक हो म्हणालीय. तिवसा ताई, त्या ताईकडं मी उद्या जाते आहे, तिचं तहसीलचं प्रकरण अजून अडकलेलं आहे. संस्थेचं उत्तर आलं की इथंच लिहिते, तेव्हा पाच दिवसांत कोणत्या दिवशी काय घ्यायचं ते मला जरा मांडून द्या.